सविताच्या शिंकांची नोंद

२४ ऑगस्ट १९९८, सोमवार

आज सकाळी सहा ते साडेसात या वेळात सविता सत्तावीस वेळा शिंकली. मी मोजल्या. मोजल्याशिवाय बोलू नये, असं मी शाळेत मुलींना सांगत असे; घरात वेगळा नियम का असावा? गेल्या वर्षी याच दिवसांत तिने हे सुरू केलं आणि दिवाळीच्या सुमारास थांबवलं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे लग्न होऊन आली तेव्हा, काहीही नव्हतं. याचा अर्थ तेव्हा आवरता येत होतं.

तिला म्हटलं, "तेहेतीस वर्षं खडूच्या धुळीत उभी राहिले मी. वर्गात एकदा तरी शिंकले असेन का?"

"मुद्दाम नाही हो येत, आई."

"मुद्दाम येते असं मी म्हटलेलंच नाही. मुद्दाम थांबवता येते, असं म्हणतेय."

यावर ती पुन्हा शिंकली. अठ्ठावीस.

उद्या गणपती. नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असं बजावलं. भांडी घासायला हरकत नाही.

३० ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्यांचं जेवण. सवाष्णी पंगतीला बसल्या आणि आतून शिंकांचा सपाटा सुरू झाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सविताला मागच्या मोरीत बसवून दार लावून घेतलं. सगळ्या गेल्यावर दार उघडलं, तर ती तिथेच भिंतीला टेकून झोपली होती. भांडी तशीच. एवढ्या आवाजात झोप लागते आणि म्हणे रात्री झोप येत नाही.

उपाय चालू आहेत. नाकात तूप, रात्री हळद-दूध, सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुणे. हे शेवटचं मी समोर उभी राहून करून घेते, नाहीतर ती पाणी ओतून देईल.

२ सप्टेंबर, बुधवार

आज मात्र हद्द झाली.

माझ्या मुलाला, किशोरला, मुंबईला निर्यातवाल्यांना भेटायचं होतं. यंदा पहिल्यांदाच आपली द्राक्षं बाहेरदेशी जायची शक्यता आहे. भागीदार रविराज जीप घेऊन दारात. किशोरने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि माजघरातून शिंक आली. तो परत फिरला, बूट काढले, पाटावर बसला, घोटभर पाणी प्यायला. पाच मिनिटांनी उठला. पुन्हा शिंक. पुन्हा बूट काढले. तिसऱ्या वेळी तर त्याने नुसती बुटाची नाडी हातात धरली होती.

रविराज जीपमधून ओरडला, "भाऊ, आज काय घरातच द्राक्षं विकायची का?"

किशोर मला म्हणाला, "आई, हिला आधी कुठंतरी कोंड, मग मी निघतो."

कोंडली. धान्याच्या खोलीत, तोंडाला पंचा देऊन. तासाभराने निघालेला किशोर उशिरा पोहोचला आणि ती माणसं जेवायला निघून गेली होती. बोलणी झाली नाहीत.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आहे, तेही ज्या काळात आमच्या सायखेड्यात मुलीला चौथीनंतर शाळेतून काढत. पण किशोर मानतो, रविराज मानतो आणि व्यवहार त्यांना करायचा आहे. त्यांची समजूत घालण्यापेक्षा शिंकणारी बाजूला करणं सोपं.

५ सप्टेंबर, शनिवार

वाचनालयात जाऊन दोन तास बसले. कोणतीही गोष्ट मुळापासून समजून घ्यावी. याला इंग्रजीत 'हे-फीव्हर' म्हणतात; त्यातलं 'हे' म्हणजे सुकं गवत. ताप मात्र नसतो. वाऱ्यावर उडणारे परागकण नाकात जातात आणि शरीर त्यांना शत्रू समजून उगाच लढाई सुरू करतं. शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज, ही सगळी त्या लढाईची लक्षणं. म्हणजे जंतू नाही, संसर्ग नाही. नुसता शरीराचा आततायीपणा. मला हे पटलं. सविताचा स्वभावही तसाच आहे, जरा बोललं की डोळ्यांत पाणी.

शेजारच्या लताबाई म्हणतात, अंगणातला झेंडू उपटा. अज्ञान. झेंडूचे पराग जड, चिकट. ते किडे वाहून नेतात. वाऱ्यावर पसरतात ते गवतांचे. आणि आपल्या कॉलनीत तर चार प्लॉट मोकळे पडलेत, गवत कमरेइतकं. तेव्हा निष्कर्ष सरळ आहे. तिला दिंडोरीच्या मळ्यावर पाठवायची. द्राक्षाच्या ओळींत आम्ही तणाची काडी ठेवत नाही. स्वच्छ हवा, साधं जेवण. आणि किशोरला रोज सकाळी वेळेवर घराबाहेर पडता येईल.

सविताला सांगितलं. ती म्हणाली, "त्यापेक्षा सिन्नरला जाऊ का, आईकडे? तिथं मला कधी त्रास झाला नाही."

भाद्रपदात सून माहेरी पाठवली तर लोक चार प्रश्न विचारतात. नाही म्हटलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

तिला मळ्यावर सोडून आले. तिथे केरू आणि त्याची बायको कुसाबाई बारा महिने राहतात. पेठकडची माणसं, कामाला चोख. पावसाळ्यात चिखलामुळे मी मळ्यावर जात नाही, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच गेले. बाग स्वच्छ. घराच्या मागे आणि बांधावर मात्र छातीइतकं तण माजलंय, वर पांढरी बारीक फुलं, रांगोळी सांडल्यासारखी. केरू म्हणाला, गाजर गवत. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात हे नाव नाही. पुस्तकात नाही म्हणजे फारसं महत्त्वाचं नसावं.

पण दिसायला वाईट. सविताला सांगितलं, रिकामी बसू नकोस, रोज दोन तास हे उपटत जा. मुळासकट. श्रमाने छाती मोकळी होते.

किशोरने निघताना तिला काही सांगितलं नाही. जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.

१३ सप्टेंबर, रविवार

पाच दिवस घर शांत. किशोर रोज आठला निघतो. आज दुपारी मळ्यावर जाऊन आला. मी विचारलं, कशी आहे?

"डोळे सुजलेत. ओळखू येत नाही."

"रडत असेल."

"असेल." मग म्हणाला, "राहणार होतो, पण रात्रभर खोकते म्हणाली कुसाबाई. झोप नसती लागली."

बरोबर केलं. त्याला सोमवारी काम असतं.

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दहाला फाटक वाजलं. कुसाबाई. मागे सविता, पदर तोंडावर. दोघी एसटीने आल्या होत्या, न विचारता. सविताच्या पापण्या आणि मान काळी पडली आहे, कातडी जाड, चिरा गेलेल्या. पायरीवर बसली ती उठेचना. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता.

मी कुसाबाईला विचारलं, "मळा सोडून कोणाच्या परवानगीनं आलीस?"

"परवानगी कुनाची घेऊ, बाई? तीन रात्री झाल्या, पोर बसून काढते. आडवी व्हत नाय. आडवी झाली का जीव कोंडतो."

"काम करत होती का?"

"करत व्हती ना. त्येच तर. तुमी सांगितलं म्हणून रोज त्या गाजरात शिरायची. म्या म्हनलं, नको शिरू गं, माझ्या जावेचं बी अंग असंच फुटलं व्हतं त्यानं. तर म्हनते, आई विचारतील किती उपटलं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "लय उपटलंय बाई तिनं. जाऊन बघा. मागची बाजू सारी साफ."

अडाणी बाई, पण तोंड फार. तिला चहा न देता परत पाठवलं. सविताला रिक्षाने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, आवाज थोडा कमी झाला. म्हणाले, "बाई, हा दमा आहे."

दमा. हा शब्द लग्नाच्या वेळी कोणी उच्चारला नव्हता.

२० सप्टेंबर, रविवार

माझा धाकटा भाऊ कारभारी सायखेड्याहून आला. रावजींच्या लेकीचं, म्हणजे सविताचं, स्थळ त्यानेच आणलं होतं. त्याला सगळं सांगितलं. सविता आतल्या खोलीत होती; तिचा श्वास बाहेर ऐकू येत होता, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही.

तो म्हणाला, "अक्का, रावजीनं फसवलं आपल्याला. पोरीला आधीपासून असणार."

"मलाही तेच वाटतं."

"वाटून चालत नाही. बैठकीत चार माणसं बसतील, त्यांना कागद लागतो. मोठ्या डॉक्टरचा. माहेरचं दुखणं आहे असं एकदा लिहून आलं, की रावजी मुकाट्यानं लेक घेऊन जातो. आपल्यावर बोट नाही."

माणूस फारसा शिकलेला नाही, पण व्यवहार कळतो. किशोर तिथेच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. त्याची हरकत नाही असं मी धरते.

२९ सप्टेंबर, मंगळवार

नऊ दिवसांत तीन डॉक्टर. असा कोणताही विषय नसेल ज्यात तीन शहाणी माणसं तीन उत्तरं देत नाहीत. पहिला कान-नाक-घशाचा. म्हणाला, नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करू. मी विचारलं, हाड फक्त ऑगस्टमध्ये वाकडं होतं का? दुसरा छातीचा. फोटो काढला, स्वच्छ आला, म्हणाला मनावर घेऊ नका. तिसरा कातडीचा, त्याने मलम दिलं, पण निदान एक उपयोगी गोष्ट सांगितली: "तुम्हाला ॲलर्जीचा डॉक्टर हवा. नुसतं औषध देणारा नको, चाचणी करून कशाने होतं ते सांगणारा. आणि आधी विचारा की चाचणी स्वतः करतात का, नंतर वाचून कोण दाखवणार, दम लागला तर तिथे सोय काय." असे नेमके प्रश्न देणारा माणूस विरळा. त्यानेच पत्ता दिला. कॉलेज रोडला, जिना चढून.

३ ऑक्टोबर, शनिवार

ॲलर्जीचे डॉक्टर तरुण आहेत, टापटीप आहेत, पण शिष्टाचार कमी. प्रश्न सविताला विचारत होते; मी उत्तरं देत होते, कारण ती फार हळू बोलते.

"त्रास कधी सुरू झाला?"

मी म्हटलं, "आधीपासूनच असणार."

"आजी, त्यांना बोलू द्या."

मला आजी म्हणणारा हा पहिलाच. सविता म्हणाली, लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. घरी कधीच नाही. यंदा मळ्यावर गेल्यापासून दम. डॉक्टरांनी विचारलं, मळ्यावर काय आहे? ती म्हणाली, गाजर गवत. त्यात काय करत होतात? उपटत होते. हाताने? हो. फुलावर आलेलं? हो. कोणी सांगितलं होतं?

मी म्हटलं, "घरातली कामं असतात." डॉक्टरांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागले.

चाचणी आज होणार नाही. आधी दम आटोक्यात हवा. तोंडाने ओढायचा पंप दिला आहे. पंपाची सवय लागली की सुटत नाही, हे जगजाहीर आहे. मी तसं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "श्वासाचीही सवय आहे त्यांना. तीही सुटू नये असं बघतोय मी." उद्धट.

पंप न्हाणीघरात घ्यायचा, असं सविताला सांगितलं. कोणाच्या दृष्टीस पडायला नको.

१२ ऑक्टोबर, सोमवार

पंपाने दम बराच बसला, हे मान्य केलं पाहिजे. ती आडवी झोपते. चाचणीआधी आठवडाभर शिंकांच्या गोळ्या बंद ठेवायच्या आहेत, नाहीतर कातडीवर काही उमटत नाही. आज चौथा दिवस. सकाळी त्रेचाळीस. नाकातून रक्त आलं. मी तारीखवार तक्ता केला आहे, चाचणीला घेऊन जाईन. किशोर मधल्या खोलीत अंथरूण घेऊन गेला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चाचणी झाली. पद्धत मला आवडली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितात, प्रत्येकाशेजारी एका अर्काचा थेंब ठेवतात आणि सुईच्या टोकाने हलकेच टोचतात. धूळ, बुरशी, झुरळ, बाजरी, हरळी, असे चोवीस. एक नुसत्या पाण्यासारखा, ताळ्यासाठी. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, खाजवायचा नाही. मग फुगवटे पट्टीने मोजतात.

तेवीस ठिकाणी काही नाही किंवा नाममात्र. एकोणिसाव्या आकड्यापाशी रुपयाएवढी गांधी आली, कडा कोपरापर्यंत लाल. गाजर गवत.

सविता हाताकडे बघत होती. म्हणाली, "एवढंच होतं?"

डॉक्टर म्हणाले, "एवढंच. त्या गवतापासून लांब राहा, पंप घ्या, इंजेक्शनचा कोर्स करू. नोकरी करा, मुलं होऊ द्या, सगळं करा."

मी माझा तक्ता दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. "रोज मोजत होतात?"

"रोज."

"आणि एकदाही इथे आणावंसं वाटलं नाही?"

या प्रश्नाचा रोख कळला नाही. आणलं होतंच की. मग मुद्द्यावर आले. म्हटलं, हा आजार माहेरचा आहे, असं लिहून हवं आहे. त्यांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, घरच्या माहितीसाठी. त्यांनी सविताकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहून देतो. सविस्तर देतो."

१७ ऑक्टोबर, शनिवार

दोन पानं आली, इंग्रजीत. पहिल्यावर चाचणीचा तक्ता, निदान: गाजर गवताची तीव्र ॲलर्जी, दमा, त्वचाविकार. दुसऱ्यावर त्यांचं मत. आजार लग्नाआधी नव्हता. अशी ॲलर्जी एक-दोन मोसम संपर्क आल्यावर तयार होते; हे गवत शहरातल्या मोकळ्या प्लॉटांवरही माजतं. दमा हा रुग्णाला ऐन फुलोऱ्यात मळ्यावर ठेवल्यामुळे आणि तेच गवत हाताने उपटायला लावल्यामुळे झाला. हे पुन्हा घडल्यास जिवाला धोका. औषधाने आजार पूर्ण आटोक्यात राहील.

मागितली होती एक ओळ, दिलं अख्खं पान. दुसऱ्या पानाची गरज नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

बैठक झाली. रावजी आले, सिन्नरहून दोन वडीलधारी माणसं बरोबर. आपल्याकडून कारभारी, किशोर, मी.

मी पहिलं पान वाचून मराठीत सांगितलं. रावजी हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, पोटची लेक आहे, खोटं बोलणार नाही. माझ्या घरी ही पोर कांद्याच्या चाळीत दिवसभर राबली. कधी शिंकली नाही हो."

कारभारी म्हणाला, "कागद बोलतोय, रावजी. तुम्ही काय म्हणता त्याला आता काय किंमत?"

"कागदात असं लिहिलंय का, की माहेरचं आहे?"

"जन्मजात प्रवृत्ती असते, असं शास्त्र आहे," मी म्हटलं. हे खोटं नाही. पुस्तकात तसं आहे.

सिन्नरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, खाली पान दोन पैकी एक असं दिसतंय. दुसरं?"

"औषधांची यादी."

रावजी किशोरकडे वळले. "जावईबापू, तुम्ही तरी बोला. तुमची बायको आहे."

किशोर म्हणाला, "आई बोलतेय ना."

रावजींनी टोपी काढली आणि माझ्या पायाशी ठेवायला वाकले. मी पाय मागे घेतले. असलं नाटक मला शाळेतही चालत नसे. ठरलं ते असं: सविताने आजच जायचं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं, आवाज न चढता. मी वेळेआधी पूर्ण केलेली ही माझ्या आयुष्यातली बहुधा एकमेव बैठक.

सविता स्वयंपाकघरात चहाच्या कपबशा विसळत होती. मी म्हटलं, "राहू दे, आता तुझं काम नाही."

तिने हात पुसले. म्हणाली, "दुसरं पान मी वाचलंय, आई. तुम्ही कपाटात ठेवलंत त्याच दुपारी."

डी. एड. झालेली आहे, इंग्रजी येतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी दार लोटलं. "मग बाहेर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझी काही चूक नाही, असं ठरलं असतं."

"मग?"

"मग बाबांनी मला इथंच ठेवलं असतं."

तिने पंप ओट्यावरून उचलला, तिथेच माझ्यासमोर तोंडाला लावून ओढला आणि बाहेर गेली. बाहेर सगळी माणसं बसली होती, तरी हातातला पंप झाकला नाही. रावजी रडत होते. ती त्यांना उठवत होती, "चला ना बाबा, सिन्नरची गाडी जाईल," असं म्हणत, जणू जत्रेला निघालीय.

अशा वेळी मुलीच्या डोळ्यांत पाणी तरी यावं. एरवी ऊठसूट यायचं.

८ नोव्हेंबर, रविवार

कारभारीने निफाडकडचं एक स्थळ सुचवलं आहे. त्याला स्पष्ट सांगितलं, या वेळी घाई नाही. मुलगी पुढच्या भाद्रपदात बघायची, आणि इथे नाही, मळ्यावर. तासभर बांधावर बसवू. टिकली तर पुढचं बोलू. अनुभवातून माणसाने शिकायला हवं.

रात्री जेवताना किशोरने अचानक विचारलं, "आई, त्या दुसऱ्या पानावर काय होतं?"

"औषधं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वाटी पुढे केली, मी आमटी वाढली.

"बरं," म्हणाला.

कागद दाखव, असं तो म्हणाला नाही. आजकालच्या मुलांमध्ये आईच्या शब्दावर एवढा विश्वास कुठे दिसतो?